वजन बरोबर होतं

वजनकाट्याची पावती अजून माझ्या पाकिटात आहे. शाई उडत चाललीय, पण आकडा वाचता येतो: ५६० किलो. भरलेल्या टेम्पोतून रिकामा टेम्पो वजा. त्या रविवारी रात्री ही पावती हातात पडली तेव्हा खुशीत टेम्पोवाल्याला शंभर रुपये वर दिले होते मी.

जुने सर्व्हर, म्हणजे कंपन्यांचे मोठे कॉम्प्युटर, घ्यायचे, खोलायचे आणि सुटे भाग विकायचे, या धंद्यात उतरू बघणारे बरेच जण मला हल्ली भेटतात. कुणाचा पगार थांबलाय, कुणाला जोडधंदा हवाय. त्यांना तोंडी सांगताना दर वेळी एखादी लाजिरवाणी गोष्ट गाळली जाते, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

मी हार्डवेअरमधला माणूस. अंधेरीत तेरा वर्षं सर्व्हरच्या देखभालीचं काम केलं. रात्री दोन वाजता फोन आला की बॅग उचलून निघायचं. त्यामुळे सर्व्हरमध्ये काय असतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. अनाडी असतो तर कदाचित एखाद्या जाणत्याला सोबत नेलं असतं. मी कुणालाच नेलं नाही.

नोकरी सुटल्यावर भांडुपला एका मित्राच्या गाळ्यात कोपरा घेतला. दोन-चार मशिन आणायची, खोलायची, रॅम आणि प्रोसेसर लॅमिंग्टन रोडला द्यायचे, पत्रा कुर्ल्याच्या भंगारात आणि बोर्ड किलोवर, असं सहा महिने चाललं. सुटत होते थोडेच, पण सुटत होते. मग एका ओळखीच्या दुकानदाराने ‘भाऊं’चा नंबर दिला. नाव लिहीत नाही, सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हटलं.

भाऊ पहिल्याच फोनवर म्हणाले, ‘‘संगमेश्वरकडचे का तुम्ही? बोलण्यावरून वाटलं. आमच्या मावशीचं घर तिकडंच.’’ पुढची दहा मिनिटं आम्ही बावनदीच्या पुलावर आणि यंदाच्या आंब्यावर बोललो. दर ठरण्याआधीच माणूस घरचा झाला. मी घासाघीस केली ती फक्त दोन हजारांची, तीही संकोचत.

माल साकीनाक्याच्या एका गाळ्यात होता. डेल पॉवरएज आर-७३० चे वीस नग. हे मॉडेल २०१४ साली बाजारात आलं, त्यामुळे कंपन्यांतून आता ते ढिगाने बाहेर पडतंय. शनिवारी संध्याकाळी गेलो. भाऊ म्हणाले, ‘‘तुम्ही सांगाल तो खोलू.’’ मी मुद्दाम मागच्या थप्पीतला एक काढायला लावला, एक पुढचा. दोन्ही चालू केले. पंख्यांचा तो विमान सुटल्यासारखा आवाज, स्क्रीनवर १२८ जीबी रॅम, दोन प्रोसेसर, आठ डिस्क. सगळं चोख. एक नग ताणकाट्याला लावून पाहिला तर २७ किलो भरला.

हिशोब मी लोकलमध्येच केला. नगाला १८,००० म्हणजे ३,६०,०००. उलट एका नगातून रॅमच्या आठ पट्ट्यांचे साडेनऊ हजार, डिस्कचे आठ, दोन प्रोसेसरचे तीन, पॉवर सप्लाय आणि रेड (RAID) कार्ड, म्हणजे डिस्क सांभाळणारं कार्ड, मिळून साडेतीन. म्हणजे चोवीस. बोर्ड-पत्र्याचं वेगळं. नगामागे सहा हजार सुटणार, वीस नगांचे १,२०,०००. सर्व्हरची रॅम रजिस्टर्ड जातीची असते, घरच्या पीसीत ती चालत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक ठरावीकच आणि विकायला वेळ लागतो, हेही मी धरलं होतं. धरलं नव्हतं ते एवढंच, की शनिवार आणि रविवारच्या मधे एक रात्र असते.

पैसे तीन जागचे. साडूंचे १,५०,०००, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून १,४०,०००, माझे ७०,०००. साडू फोनवर म्हणाले होते, ‘‘बिल घ्या हो पक्कं.’’ मी भाऊंकडे विषय काढला तर ते हसले. ‘‘बिलाचा माल हवा तर नगाला सव्वीस हजार.’’ मी गप्प बसलो. वीस हजार टोकन यूपीआयने गेलं, तेही भाऊंच्या नव्हे तर ‘पुतण्याच्या’ खात्यावर. उरलेले ३,४०,००० रोख द्यायचे. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी मी दिलेच असते, हेही खरं.

माल उचलायचा रविवारी. कारण काय, तर इंडस्ट्रियल इस्टेटचं ऑफिस रविवारी बंद, गेटपासची कटकट नाही. त्यात पाऊस. मी पाचला पोचलो तर वीसही नग थप्प्या लावून, वर मेणकापड टाकून तयार. वरचा एक मी उघडला. भरलेला. दुसऱ्याला हात घातला तेवढ्यात भाऊंचा माणूस ओरडला, ‘‘दादा, माथाडीवाले आले तर भराईचा वाद होईल, भरून घ्या पटकन.’’ चार पोरांनी वीस मिनिटांत टेम्पो भरला. भाऊंनी कोपऱ्यातल्या रेल, म्हणजे सर्व्हर रॅकमध्ये सरकवायच्या लोखंडी पट्ट्या, बारा जोड्या फुकट टाकल्या, वर केबलींचं एक बोचकं. ‘‘गाववाल्याकडनं काय घ्यायचं याचं?’’

इथं मला हुशारी सुचली. टेम्पो वजनकाट्यावर घ्यायला लावला. वीस गुणिले सत्तावीस, ५४० झाले पाहिजेत. भरले ५६०. मी खिडकीत हात घालून पावती घेतली आणि भाऊंना फोन करून, आठवलं की आजही कानशिलं तापतात, आभार मानले.

सोमवारी सकाळी खोलायला बसलो. वरचे पाच नग चोख. सहाव्याचं झाकण काढलं. आत हवा वळवायला काळं प्लास्टिकचं आवरण असतं, ते उचललं. या मशिनला रॅमच्या २४ खाचा असतात. रिकाम्या खाचांत हवा नीट खेळावी म्हणून कंपनीच प्लास्टिकच्या डमी पट्ट्या बसवते, त्यामुळे आत नुसती नजर टाकली तर सगळं भरल्यासारखं दिसतं. खरी रॅम दोनच पट्ट्या, त्याही ४ जीबीच्या. डिस्क बसवायच्या आठही कॅडी, म्हणजे सरकत्या चौकटी, जागेवर, समोरून बघाल तर भरलेलं मशिन. ओढून काढल्या तर पोकळ. प्रोसेसर थंड ठेवायला त्यावर बसवलेले धातूचे ठोकळे, म्हणजे हीटसिंक, दोन्ही स्क्रूने घट्ट. दुसरा हीटसिंक काढला, खाली सॉकेट, म्हणजे प्रोसेसरची जागा, रिकामं. रिकाम्या सॉकेटवर कुणी तरी हीटसिंक नीट, चारही स्क्रू आवळून बसवला होता. त्या माणसाच्या हाताला वळण होतं, हे मला त्याही वेळी जाणवलं.

उरलेले चौदाही तसेच. या पंधरांपैकी अकरांत दुसरा प्रोसेसर नाही, चारांत आहे पण सगळ्यात हलक्या जातीचा. हीटसिंक काढून, प्रोसेसरवरची पेस्ट पुसल्याशिवाय त्याचा नंबर दिसत नाही, तेवढं कोण करतो?

दुपारी जेवण गेलं नाही. एक रॅमची पट्टी घेऊन समोरच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली. तीस-पस्तीस ग्रॅम. आठ मिळून पाव किलोच्या आसपास. प्रोसेसर पन्नासेक ग्रॅम. पंधरा नगांतल्या रॅम आणि प्रोसेसर मिळून जे हजारो रुपये गेले त्यांचं वजन चार किलोसुद्धा नव्हतं. डिस्क धरल्या तरी सगळं मिळून तीस किलो, आणि फुकटच्या रेलनी पंचेचाळीस-पन्नास किलो भरून दिले होते. मी शनिवारच्या ५४० मध्ये रेल धरल्याच नव्हत्या. भंगार म्हणजे वजन, हे डोक्यात इतकं बसलेलं, की ज्या वस्तूची किंमत काही ग्रॅमांत आहे ती मी ट्रकच्या काट्यावर तोलून आलो. ज्या काट्यावर पाच-दहा किलो इकडचे तिकडे झाले तर कुणी विचारत नाही, त्यावर!

आता मी काय करतो ते सांगतो. नग पाच असोत की पन्नास, प्रत्येकाचं झाकण काढायचं, आवरण उचलायचं, पट्ट्या मोजायच्या, कॅडी ओढून बघायच्या. बघितलेल्या नगावर आपल्या मार्करने सही करायची आणि बघितला तो तिथून तसाच टेम्पोत. रात्र मधे जाऊ द्यायची नाही. विकणारा म्हणाला वेळ नाही, तर आपल्यालाही वेळ नाही. आणि डेलच्या मशिनवर पुढे सात अक्षरी-आकडी सर्व्हिस टॅग असतो. तो कंपनीच्या साईटवर टाकला की मशिन कारखान्यातून निघताना आत काय काय होतं त्याची यादी निघते. हे मी नोकरीत रोज करत होतो. त्या शनिवारी वीस टॅगचे वीस फोटो काढले असते तर निदान त्याच थप्पीतलं मशिन आलं की दुसरं, एवढं तरी सांगता आलं असतं. मी काढलेला एकमेव फोटो चालू स्क्रीनचा होता, साडूंना पाठवायला.

भाऊंचा फोन सोमवारी दुपारपर्यंत लागत होता. ‘‘बघतो, पार्टीशी बोलतो.’’ मंगळवारपासून बंद. गाळ्यावर गेलो तर मालक म्हणाला, आठ दिवसांसाठी दिला होता. पोलिसांकडे अर्ज दिला, शिक्का मारून प्रत मिळाली. पहिलाच प्रश्न होता, बिल कुठंय? कुठल्या कंपनीचा माल? मला सांगता येईना. तिथं बाकावर बसल्या बसल्या लक्षात आलं, की सव्वीस हजारांचा तो भाव बिलाचा नव्हताच, तो मला चाचपण्यासाठी होता. बिल नको म्हणणारा माणूस पुढं तक्रारीला कचरतो, हे भाऊंना पक्कं माहीत असणार.

शिवाय माझंही काही सरळ नव्हतं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या वापरदार कंपनीने असा माल नोंदणी असलेल्याकडेच द्यायचा असतो, आणि जुनी उपकरणं दुरुस्त करून विकणाऱ्यालाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. माझी नव्हती. चोख निघालेल्या पाच नगांतल्या डिस्क लावून बघितल्या तर कुणाच्या तरी पगाराच्या याद्या, पॅन क्रमांकासकट. त्या मी पुसून काढल्या. पण त्या फायली बघताना पहिल्यांदा नीट भीती वाटली, की हा माल भंगारात निघालेला होता की कुठून उचललेला?

पुढचं थोडक्यात. पाच नग सुटे करून विकले, बाकीच्यांचे पॉवर सप्लाय, पत्रा, बोर्ड. हाती आले १,५१,०००. बोर्ड घ्यायला आलेला एकजण म्हणाला, किलोवर कशाला देता, ॲसिड मारून सोनं काढू, निम्मं निम्मं. पिनांवर आणि रॅमच्या दातांवर सोन्याचा मुलामा असतो हे खरं, पण तो किती पातळ असतो तेही मला ठाऊक होतं, आणि गाळ्याला लागून पोरांची शिकवणी आहे. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, ‘‘माझ्या पाटल्या देऊन आलात, आता बोर्डातलं सोनं काढा.’’ त्या आठवड्यात घरात झालेला तो एकच विनोद. पाटल्या अकरा महिन्यांनी सुटल्या. साडूंचे ४०,००० अजून द्यायचेत. ते मागत नाहीत. मी मात्र लग्नकार्यात त्यांच्या पंगतीला बसायचं टाळतो.

डमी पट्ट्या आणि पोकळ कॅडी पोत्यात भरून ठेवल्या होत्या. प्लास्टिकला काय भाव येणार? गेल्या महिन्यात एक पोरगा गाळ्यावर आला. डमी आहेत का विचारलं, पोत्यात हात घालून पाहिलं आणि पट्टीमागे जो भाव बोलला तो ऐकून मी दोनदा विचारलं. कॅडीचे वेगळे देतो म्हणाला. सगळं रोख, आत्ता.

‘‘कशाला लागतात रे एवढ्या?’’

‘‘शेठला माल लावायचाय,’’ तो म्हणाला, ‘‘रविवारी पार्टी येतेय.’’

शेठ कोण ते सांगेना. मी नाही म्हटलं, तर जाताना नंबर लिहून ठेवून गेला. पोतं अजून कोपऱ्यातच आहे.