सफरचंदाचे इंग्रजी वाक्प्रचार आणि अँकी: सॉफ्टवेअर चोख, कार्डं मात्र स्वतः लिहा

अँकी हे फ्लॅशकार्डांचं (पुढे प्रश्न, मागे उत्तर असलेल्या कार्डांचं) सॉफ्टवेअर संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत मिळतं, आयफोनवर विकत. उत्तर किती सहज आठवलं त्यानुसार 'अगेन', 'हार्ड', 'गुड' किंवा 'ईझी' दाबायचं, की कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते अँकी ठरवतं. तो हिशोब चोख आहे. घोळ होतो कार्ड लिहिताना.

पुढे वाक्प्रचार आणि मागे अर्थ, एवढंच लिहिलं तर वाचताना ओळख पटते, बोलताना तोंडात येत नाही. म्हणून 'बेसिक'ऐवजी 'क्लोझ' प्रकार घ्या: अख्खं वाक्य लिहून एकच तुकडा झाकायचा. 'शी इज द ॲपल ऑफ हर फादर्स आय' यात 'ॲपल' झाकू नका, ते कुणालाही सुचतं. 'द' झाका, तिथेच 'ॲन' घुसतं. 'अपसेट द ॲपलकार्ट' म्हणजे जमलेला बेत उधळणं. याचं भूतकाळी वाक्य घ्या. रूप तेच राहतं, पण 'अपसेटेड' लिहायचा मोह होतो.

मागच्या बाजूला अर्थासोबत कारणही हवं. जुन्या इंग्रजीत डोळ्यातल्या बाहुलीला सफरचंद म्हणत. ती जपायची, म्हणून 'ॲपल ऑफ द आय' म्हणजे आपला गळ्यातला ताईत. एवढं कळलं की घोकावं लागत नाही.

'बॅड ॲपल'ला दोन कार्डं लागतात. मूळ म्हण 'नासका आंबा अढी नासवतो' हीच: पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारची फळंही लवकर पिकून नासतात. पण आज 'जस्ट अ फ्यू बॅड ॲपल्स' म्हणणाऱ्याला नेमकं उलट सुचवायचं असतं, की बाकीचे चांगले आहेत. एकाच कार्डावर दोन्ही कोंबलं की हमखास गल्लत.

रोजच्या नव्या कार्डांची मर्यादा मुळात 20 असते; ती 2 करा. 'ॲपल पॉलिशर' (लाळघोट्या) आणि 'इन ॲपल-पाय ऑर्डर' (टापटीप) एकाच दिवशी आले तर एकमेकांत मिसळतात. पाठ झालेलं कार्ड 8 वेळा चुकलं की अँकी त्यावर 'लीच'चा शिक्का मारतं. ते पुन्हा घोकू नका, वाक्य बदला.

दुसऱ्यांनी केलेले तयार संच फुकट मिळतात, पण बहुतेक वेळा त्यात नुसते अर्थच असतात. 'बिग ॲपल'ही त्यात सापडतं. ते न्यूयॉर्कचं टोपणनाव आहे, खुशाल उडवा.