संबंधाच्या वेळी दुखायचं म्हणून पेल्विक फ्लोअर फिजिओकडे (म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी करणाऱ्यांकडे) गेले, त्याचा अनुभव (४ स्टार)

पहिल्याच भेटीत डॉक्टर मॅडमनी विचारलं, "दुखतं ते सुरुवातीलाच की आत खोलवर?" आणि मी नुसती बघतच राहिले, कारण दीड वर्षात हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. आधी ज्या दवाखान्यात दाखवलं होतं तिथे नीट न बघताच सांगितलं की बाळंतपणातले टाके भरलेत, सगळं नॉर्मल आहे, मनातली भीती काढा. त्यानंतर घरी आमच्यात असं झालं होतं की नवऱ्याने नुसता खांद्यावर हात ठेवला तरी मी आक्रसून घ्यायचे, तो बिचारा काही म्हणायचा नाही, पण दोघांनाही त्रासच होता.

इथे गायनॅक आणि फिजिओ दोन्ही एकाच ठिकाणी आहेत, हे फार बरं पडतं. गायनॅकनी आधी इन्फेक्शन आहे का ते बघितलं, मग कापसाच्या काडीने हलकेच एकेक जागा टेकवत कुठे झोंबतंय ते विचारलं. माझी डिलिव्हरी नॉर्मल पण टाके पडलेले, मुलगी तेव्हा पावणेदोन वर्षांची आणि अंगावर पिणारी. तर माझ्यात तीन गोष्टी एकत्र निघाल्या. टाक्यांची जागा कडक झाली होती. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं म्हणून आतून कोरडेपणा आणि त्वचा नाजूक. आणि दुखणार म्हणून खालचे स्नायू आपोआप आवळले जायचे, ते मी मुद्दाम करत नव्हते!! हे ऐकून मी तिथेच रडले.

खोलवर दुखत असेल तर त्या वेगळ्या दिशेने बघतात, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), ओव्हरीतली गाठ, गर्भाशयाला किंवा नळ्यांना आलेली सूज वगैरे. पाळीत किती दुखतं, शौचाला बसताना दुखतं का हेही विचारतात. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी एंडोमेट्रिओसिस असू शकतो हे मला इथेच कळलं. माझ्या नणंदेला शाळेपासून पाळीत उलट्या होईपर्यंत दुखतं आणि घरात सगळे म्हणायचे बायकांना दुखायचंच, म्हणून पुढच्या वेळी तिलाही घेऊन गेले.

ट्रीटमेंट म्हणजे मी अंगावर पाजते हे लक्षात घेऊन अगदी कमी डोसचं इस्ट्रोजेन क्रीम, आणि फिजिओकडे पोटाने श्वास घ्यायला शिकणं, टाक्यांच्या जागेला मसाज, मग घरी डायलेटर (योनीमार्ग हळूहळू सैल व्हायला आत ठेवायच्या गुळगुळीत नळ्या), सगळ्यात लहानापासून हळूहळू मोठा. मी मोबाईलवर बघून रोज कीगल (खालचे स्नायू आवळायचा व्यायाम) करत होते ते त्यांनी लगेच बंद करायला लावलं, आधीच आवळलेले स्नायू अजून कशाला आवळायचे. वॉटर बेस्ड जेल वापरा म्हणाल्या, खोबरेल तेल कंडोमबरोबर अजिबात नको, लेटेक्स कमजोर होतं. आतून तपासताना प्रत्येक वेळी आधी विचारतात, हात वर केला की लगेच थांबतात.

पाच महिने, अकरा सेशन झाले. आता बहुतेक वेळा दुखत नाही, कधीतरी सुरुवातीला जरा जळजळतं, मग आम्ही थांबतो.

एक स्टार का कापला ते सांगते. एका सेशनचे १२०० रुपये, आणि माझ्या इन्शुरन्समध्ये ओपीडी बसत नाही, त्यामुळे हिशोब करूनच जा. वेळ घेऊनही चाळीस-चाळीस मिनिटं बसावं लागतं, शनिवारी तर जाऊच नका. आणि रिसेप्शनवरची मुलगी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारते "काय प्रॉब्लेम आहे?", बाजूला दोन-तीन पुरुष बसलेले असतात, माझ्या तोंडून शब्दच फुटेना. प्लीज तिथे एक छोटा कागद ठेवा ना, लिहून देता येईल. पहिल्या दिवशी मी तशीच परत निघाले होते, जिन्यापर्यंत पोचलेसुद्धा.