स्विस ट्रॅव्हल पास: आईबाबा आणि धाकट्या भावाला घेऊन वापरून बघितला

सगळे विचारतायत म्हणून एकदाच लिहून टाकते. स्वित्झर्लंडला जाताना हा पास घ्यावा का? रोज नवीन ठिकाणी भटकणार असाल तर डोळे झाकून घ्या, एकाच गावात मुक्काम ठोकून निवांत बसणार असाल तर अजिबात नको. आणि हे मत सतरा वर्षांच्या मुलीचं आहे हं, म्हणजे पैसे माझे नव्हते पण वेळापत्रक, प्लॅटफॉर्म, कुठे उतरायचं ही सगळी कटकट माझ्या गळ्यात, कारण घरात ॲप नीट वापरता येणारी मीच.

पास 3, 4, 6, 8 किंवा 15 सलग दिवसांचा मिळतो. सलग नको असतील तर फ्लेक्स नावाचा प्रकार आहे, तो महाग पडतो. त्यात ट्रेन, पिवळ्या पोस्टबस, तलावातल्या बोटी, शहरातल्या ट्राम सगळं आलं. फोनवर क्यूआर कोड असतो आणि स्टेशनवर गेट वगैरे काही नाही, सरळ प्लॅटफॉर्मवर जाऊन गाडीत बसायचं. टीसी मात्र येतोच आणि पासपोर्टही मागू शकतो, तो बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

वयाचा नियम आधीच वाचा. 16 पूर्ण न झालेली मुलं आई किंवा बाबांबरोबर असतील तर फॅमिली कार्डावर फुकट, पण हे कार्ड पास घेतानाच मागून घ्यायचं. 16 झाले की संपलं, मग 25 च्या आतल्यांना मिळते ती 30 टक्के सवलत. म्हणजे आमचे धाकटे साहेब फुकट फिरले आणि वर मलाच ऐकवत होते की तुझ्यामुळे खर्च वाढला.

खरा फायदा काय झाला सांगू का, बाबांचा गुणाकार बंद झाला. नाहीतर कुठल्याही तिकिटाचा आकडा फ्रँकमध्ये दिसला की मनातल्या मनात हिशोब, मग चेहरा, मग "एवढं काय आहे तिथे बघण्यासारखं?" पास एकदा घेतल्यावर पैसे गेलेलेच असतात, त्यामुळे एखादं गाव खिडकीतून छान दिसलं की चला उतरू, आवडलं नाही तर पुढची गाडी आहेच, आणि या एका गोष्टीसाठी मी पासला पाचपैकी साडेचार देते.

सगळ्यात भारी दिवस रिगी डोंगराचा. ल्युसर्नहून बोटीने विट्सनाऊ, साधारण तासभर, तिथून दातेरी रुळांवरची लाल ट्रेन थेट वर रिगी कुल्मला, आणि हे सगळं पासमध्ये, वर एक फ्रँक नाही. ही ट्रेन 1871 ची, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. पण मला जास्त आवडली ती बोट. या तलावात अजून जुन्या वाफेच्या बोटी चालतात, शंभर वर्षांपूर्वीच्या सुद्धा, आणि मधल्या भागात कठड्यावरून खाली बघितलं की अख्खं इंजिन उघडं दिसतं, हाताएवढे नाही तर माणसाएवढे चकचकीत दांडे गरागरा फिरतायत, गरम तेलाचा वास, आणि बाजूला चाकं पाणी कापतायत. भाऊ तिथून हलायलाच तयार नाही, डोंगर बघायला आलोय हे विसरलाच. सगळ्याच फेऱ्यांना वाफेची बोट नसते, वेळापत्रकात बघून घ्या. आणि सेकंड क्लासचा पास असेल तर वरच्या डेकवर चढू नका, तो फर्स्ट क्लासवाल्यांचा. रिगी 1798 मीटर, म्हणजे फार उंच नाही, पण आजूबाजूला तलावच तलाव. उतरताना दुसऱ्या बाजूने निळ्या ट्रेनने आर्थ-गोल्डाऊला या, तीही पासमध्ये, म्हणजे तोच रस्ता पुन्हा बघावा लागत नाही.

युंगफ्राऊयोखला मात्र पास पूर्ण चालत नाही हे लक्षात घ्या. ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत फुकट, पुढे फक्त 25 टक्के सूट आणि उरलेली रक्कम बघून बाबांचा गुणाकार पुन्हा सुरू. 3454 मीटरवरचं युरोपातलं सर्वात उंच रेल्वे स्टेशन, डोंगराच्या पोटातून बोगदा, 1912 पासून चालू, मान्य आहे. पण ढग असतील तर वर जाऊन पांढरा पडदा बघायचा. वरच्या कॅमेऱ्याचं लाइव्ह चित्र नेटवर दिसतं, सकाळी ते बघूनच तिकीट काढा. त्यापेक्षा लाउटरब्रुनेनहून म्युरेनला जा. आधी केबल कार आणि मग कड्यावरून जाणारी छोटीशी ट्रेन, समोर आयगर, म्योंख, युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरं ओळीत, तेही पासमध्ये, आणि आईला तर हेच जास्त आवडलं.

इंटरलाकेन ओस्टहून तिकडे जाणारी गाडी वाटेत दोन तुकड्यांत फुटते, अर्धी लाउटरब्रुनेनला आणि अर्धी ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच बसा. आमचे बाबा पाय पसरून चुकीच्या अर्ध्यात बसलेले, उठवून आणलं.

ल्युसर्न ते इंटरलाकेन गाडीत उजवीकडची खिडकी पकडा. मायरिंगेनला गाडी उलटी निघते, आई घाबरली की परत चाललो की काय, पण त्यामुळेच त्याच खिडकीतून पुढे ब्रिएन्झचा तलावही दिसतो. याच तलावाकाठच्या इजेल्टवाल्ड गावाचा तो कोरियन सिरियलमुळे फेमस झालेला धक्का माहीत असेलच, त्यावर पाय ठेवायचे 5 फ्रँक, पास चालत नाही. मला जायचंच होतं, खोटं कशाला बोलू, पण ब्रिएन्झच्या बोटीतून तो तसाच फुकट दिसतो आणि फोटोही बरा येतो.

ग्लेशियर एक्सप्रेस आणि बर्निना एक्सप्रेस या मोठ्या काचांच्या पॅनोरमा गाड्या पासमध्ये आहेत खऱ्या, पण सीट रिझर्व्हेशनचे पैसे वेगळे. त्याच रुळांवरून साधी लोकल गाडीही जाते, तिला रिझर्व्हेशन लागत नाही आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. पॅनोरमाच्या मोठ्या काचांत फोटोमध्ये आपलंच तोंड दिसतं, त्यामुळे मी तरी लोकलच घेईन.

गाडीची वाट बघताना स्टेशनवरच्या घड्याळाकडे बघा. लाल सेकंद काटा बारावर आला की क्षणभर थांबतो, मिनिट काटा उडी मारतो आणि मग तो पुढे निघतो. भाऊ प्रत्येक स्टेशनवर हे तपासत होता.

पाऊस लागला तर पासवर 500 च्या वर म्युझियम फुकट आहेत, जिनेव्हाच्या तलावाकाठचा शियों किल्लाही त्यात येतो. ल्युसर्नच्या ट्रान्सपोर्ट म्युझियमला मात्र अर्धं तिकीट पडतं, पण विमानं आणि जुनी इंजिनं आवडणारं कोणी घरात असेल तर ते पैसे भरा, आणि अख्खा दिवस हातात ठेवा.