लाकडी मण्यांची रोझरी: तारेची नको, दोऱ्याचीच घ्या

रोझरी म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोकांची प्रार्थना मोजण्याची माळ. रोजच्या प्रार्थनेसाठी नायलॉन दोऱ्यात गाठी मारून ओवलेली लाकडी रोझरी आम्ही बिनदिक्कत सुचवू. तारेची माळ दिसते सुबक, पण तिच्या कड्या खिशात अडकतात, उघडतात आणि मणी गळतो. दोऱ्याची माळ उशीखाली राहिली तरी बिघडत नाही.

घेताना मोजून घ्या: ५३ लहान, ६ मोठे, एकूण ५९. लहान मणी ८ मिलीमीटरचा असावा. ५ चा असला की अंधारात दोन मणी एकदम सरकतात आणि लहान मण्यावर म्हणायच्या ‘नमो मरिया’ या प्रार्थनेची गणती चुकते. मोठा मणी नुसता रंगाने वेगळा नको, बोटाला वेगळा लागायला हवा. क्रूसाजवळची गाठ चिमटीत धरून ओढून पाहा, माळ सुटते ती बहुधा तिथूनच. चकचकीत पॉलिश टाळा, घामाने ते निघते.

पूर्ण रोझरीला, म्हणजे माळेवरची सगळी प्रार्थना म्हणायला, साधारण २० मिनिटे लागतात. वसईच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी सगळी एकत्र बसतात, तिथे हे जमून जाते. पाळीची नोकरी असेल तर एकेक दशक (दहा लहान मण्यांचा भाग), चारेक मिनिटांचे, दिवसभरात वाटून घ्या. जिथे थांबलात तिथे माळेला छोटी सेफ्टी पिन अडकवा.