दूध तुटलेली म्हणून विकलेली दूधपिती करडं

शेळीपालनातली फसवणूक म्हटलं की ऑनलाइन पैसे घेऊन फोन बंद करणारा माणूस लोकांच्या डोळ्यांपुढे येतो. आम्हाला फसवणाऱ्या माणसाने फोन कधीच बंद केला नाही. करडं आली, पावती आली, आरोग्याचा दाखला आला, रोज विचारपूससुद्धा होत होती. तरी दहापैकी चार करडं मेली, आणि तीही त्यानेच ‘उपाय’ म्हणून विकलेल्या पावडरीवर. प्रशिक्षण घेऊन तिथूनच करडं उचलणाऱ्यांनी हे पूर्ण वाचावं. फार्मचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

आम्ही माण तालुक्यातले. दावणीला थोड्या उस्मानाबादी शेळ्या आधीपासून आहेत आणि त्यांचं सगळं सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, बघतात. शेड बांधल्यावर ह्यांनी हायवेलगतच्या एका फार्मवर एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं. फीमध्ये जेवण, फाइल आणि प्रमाणपत्र. शेवटच्या तासाला ‘स्टार्टर पॅकेज’ समोर ठेवलं जातं: तीन महिन्यांची, दूध तुटलेली (म्हणजे दूध सोडून चाऱ्यावर आलेली), पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस झालेली दहा करडं, नगावर भाव, आणि मोठी झाली की वजनावर परत घेण्याची हमी. ह्यांनी करडं स्वतः बघून निवडली. दांडगी होती, रवंथ करत बसली होती, फार्मवरच्या पोराने प्रत्येकाच्या पाठीवर लाल रंगाची रेघ ओढली. इसार दिला. उरलेले पैसे गाडी निघताना पाठवायचे, असं ठरलं.

गाडी रात्री आली. उन्हात करडांना त्रास नको, असं कारण सांगितलं होतं आणि ते कोणालाही पटेल असंच आहे. बॅटरीच्या उजेडात करडं उतरवली. दहा नग, प्रत्येकाच्या पाठीवर लाल रेघ. पोटं टम्म. ड्रायव्हर घाईत होता.

सकाळी आत्या शेडमध्ये गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, “अगं, ही तर अजून अंगावर पितीत! कुणाच्या आयशीपासनं तोडून आणली?” करडं एकमेकांचे कान चोखत होती. एक दुसऱ्याच्या बेंबीला लागलं होतं. हात पुढे केला की बोट तोंडात घेत होती. पाण्याच्या घमेल्यात तोंड बुडवायची आणि शिंकून बाजूला व्हायची. रात्रीची टम्म पोटं आता खपाटीला गेली होती. बाजारात वजन दिसावं म्हणून मीठ चारून पाणी पाजतात, ती युक्ती जुनीच आहे. एका करडाच्या तर बेंबीला वाळलेली नाळ लोंबत होती. ती साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत गळून पडते. म्हणजे तीन महिन्यांच्या त्या करडाला महिनासुद्धा झालेला नव्हता.

रंगाची रेघ कोणीही कोणावरही ओढू शकतो. निवडलेली करडं फार्मवरच राहिली, ती बहुधा पुढच्या बॅचलाही दाखवली गेली असतील.

इतक्या लहान करडांचा हा धंदा चालतो कसा, ते नंतर बाजारात चौकशी केल्यावर कळलं. हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, नुकत्याच व्यालेल्या शेळ्या घेतात. शेळी दुधाला जाते किंवा खाटकाकडे, आणि करडं मागे उरतात. ती मातीमोल भावात मिळतात, कारण त्यांना आणखी दोन महिने दूध पाजायचं म्हणजे खर्च आणि राबणं आलं. शिवाय करडांची मर सगळ्यात जास्त याच काळात होते. ‘दूध तुटलेलं’ हे दोन शब्द लावले की तोच नग दुप्पट-तिप्पट भावाला जातो, आणि मरीचा धोका घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. मेलं तर ‘तुमच्या शेडचं वातावरण मानवलं नाही’ हे उत्तर तयार असतंच.

आम्ही फोन केला तेव्हा फार्मवाल्याने आधी दाखवलेल्या एका व्हिडिओची आठवण करून दिली. “ताई, तुम्हीच पाहिलंय ना, पाला खात होती. प्रवासाचा ताण आहे, होतं असं.” पाला खात होती हे खरं आहे, आणि फसवणुकीचं मूळ नेमकं इथे आहे. दोन आठवड्यांचं कुठलंही करडू आईचं बघून पाला कुरतडतं. कुरतडणं वेगळं, त्यावर जगणं वेगळं. नुकत्याच जन्मलेल्या करडाचं चारा कुजवणारं कोठीपोट अगदी लहान असतं, दूध पचवणारा चौथा कप्पा त्याच्याहून मोठा असतो. खुराक आणि पाला थोडा थोडा पोटात जाऊ लागला की कोठीपोट वाढतं, त्यात जंतू रुजतात, रवंथ सुरू होतं. आपल्याकडे दूध साधारण तीन महिन्यांनी तोडतात. जन्माच्या वजनाच्या अडीच पट वजन झालंय, खुराक रोज नेमाने खातंय, पाणी पितंय, रवंथ करतंय, हे सगळं जुळलं तरच लवकर तोडता येतं. पानं कुरतडणारं करडू व्हिडिओत दाखवायला मात्र एक सुबाभळीची फांदी पुरते.

मग त्याने उपाय सांगितला. ‘खास करडांसाठीची दूध पावडर’. किलोला 380 रुपये, दहा किलोचं पोतं, सोबत दोन बाटल्या आणि निपल फुकट. पोतं दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने पोहोचलं. इतक्या तत्परतेने आलं यावरून कळतं, की हा त्याच्या पॅकेजचाच दुसरा हप्ता होता. पोत्यावर शेळीचं चित्र आणि एक मोबाइल नंबर. बनवणाऱ्याचं नाव नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही, प्रथिनं किती आणि स्निग्धांश किती हेही नाही.

पावडर कोमट पाण्यात कालवून त्याने सांगितलेल्या मापाने पाजली. करडं हावऱ्यासारखी प्यायली. नंतर हगवण लागली, पांढरट, आंबूस वासाची. पहिलं करडू गेलं तेव्हा तो म्हणाला, पावडर घट्ट करा. दुसरं गेलं तेव्हा म्हणाला, पातळ करा.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी मेलेल्या करडाचं शवविच्छेदन केलं. पोट उघडून त्यांनी आम्हाला दोन्ही कप्पे शेजारी दाखवले. कोठीपोट मुठीएवढंसुद्धा नव्हतं, चौथा कप्पा मोठा आणि त्यात पिठाचा गोळा. “वहिनी, याचं दूध तुटलेलं नाही, तोडलेलं आहे,” ते म्हणाले. खालच्या जबड्याचे दात बघितले. करडाचे आठही दुधाचे दात साधारण महिन्याभरात वर येतात, कडेची जोडी सगळ्यात शेवटी. त्याची कडेची जोडी हिरडीतच होती.

आरोग्याचा दाखला त्यांनी वाचला आणि परत माझ्या हातात दिला. त्यावर ‘पीपीआर लसीकरण पूर्ण’ असं छापलेलं होतं. ही लस तीन महिन्यांच्या पुढे देतात, कारण त्याआधी चिकातून आलेली आईची प्रतिकारशक्ती लसीला काम करू देत नाही. महिन्याच्या आतल्या करडाला ती दिली असेल तर उपयोग नाही, आणि बहुतेक दिलेलीच नसणार. खाली सही होती, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता.

पावडरीचा निकाल लागला तो टिंक्चर आयोडीनने. करडाची नाळ बुडवायला ते शेळीवाल्यांच्या घरी असतंच. चमचाभर पावडर पाण्यात उकळायची, थंड होऊ द्यायची आणि आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे. पिष्ट (स्टार्च) असेल तर रंग निळा-काळा होतो. दुधात भेसळ आहे का हे बघायला हीच परीक्षा वापरतात. आमचा पेला शाईच्या दौतीसारखा झाला. म्हणजे पिठूळ काहीतरी, वर बहुधा साखर आणि वासाला थोडी दूध पावडर. कोवळ्या करडाच्या पोटात पिष्ट पचवणारे रस पुरेसे नसतात, ते आतड्यात आंबतं आणि हगवण लागते. चांगली पावडर दुधापासून किंवा निवळीपासून (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यापासून) केलेली असते. त्यावर प्रथिनं 22 ते 24 टक्के आणि स्निग्धांश 20 टक्क्यांच्या आसपास लिहिलेला असतो.

उरलेली सहा वाचली, ती पावडर बंद करून. आधी हगवणीवर औषध आणि दोन पाजण्यांच्या मधे क्षारांचं पाणी. एक-करडी शेळीला आत्यांनी दोन करडं लावली. शेळी लाथा मारायची, म्हणून तिचंच दूध त्यांच्या अंगाला चोळलं आणि शेळी खुंट्याला आखूड बांधली. चार दिवसांनी तिने वास घेणं सोडलं. बाकीची बाटलीवर. शेळीचं दूध पुरेना तेव्हा गाईचं, पाणी न घालता.

बाटलीचं थोडं नीट सांगते, कारण प्रशिक्षणात यावर एक शब्दही नव्हता. दूध अंगाएवढं कोमट, 38-39 अंश, दर वेळी तेवढंच. करडू चारी पायांवर उभं, मान पुढे ताणलेली, जशी आईच्या सडाला जाते तशी. त्या अवस्थेत चोखलं की अन्ननलिकेच्या टोकाची पन्हाळ मिटते आणि दूध कोठीपोट टाळून थेट चौथ्या कप्प्यात उतरतं. मांडीवर उताणं घेऊन पाजलं किंवा तोंडात ओतलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं, मग न्यूमोनिया. बाटली उलटी केली की दूध थेंबथेंब पडावं, धार लागता कामा नये. फुकट आलेल्या निपलांना इतकं मोठं भोक होतं की करडं ठसकायची. दिवसाचं दूध वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, तीन-चार वेळांत वाटून. पाच किलोच्या करडाला अर्धा ते पाऊण लिटर. भुकेलं ओरडतंय म्हणून एकाच वेळी जास्त पाजलं की पोट फुगतं. प्रत्येक वेळेनंतर बाटली-निपल गरम पाण्याने धुवायचं. या कामाला घरात एक माणूस गुंततो. दूध तुटलेल्या करडाला जास्त पैसे का मोजायचे, ते एवढ्यावरून लक्षात येईल.

दूध तोडताना आम्ही आधी दुपारची पाजणी बंद केली, आठवड्याने संध्याकाळची. सकाळची सगळ्यात शेवटी. शेवरी आणि लसूण घासाच्या जुड्या त्यांच्या तोंडाच्या उंचीला टांगल्या, खुराक वेगळ्या कोपऱ्यात ठेवला, जिथे मोठ्या शेळ्यांना शिरता येणार नाही. एका करडाने लेंडीत रक्त टाकलं. दूध तोडायच्या दिवसांत कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची रक्ती हगवण हमखास डोकं वर काढते. लेंडी तपासून औषध दिलं.

विकत घेताना मी आता कानातला बिल्ला बघते. त्यावर 12 अंकी क्रमांक असतो. त्याचा आणि करडाच्या तोंडाचा फोटो पैसे देण्याआधी काढते आणि सरकारी डॉक्टरांना तो क्रमांक भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत बघायला सांगते. बिल्लाच नसेल तर तिथेच थांबते. फार्मवर अर्धा तास बसून राहिलं तरी बरंच कळतं. तीन महिन्यांचं करडू त्या वेळात कुठेतरी रवंथ करतं, सुटी कोरडी लेंडी टाकतं, बादलीतलं पाणी ओढून पितं. शेपटीखाली चिकट पिवळं दिसलं, किंवा करडं माणसाच्या बोटांना लागली, तर ती दुधावरची आहेत. आणि जनावर दिवसाउजेडी उतरवून, तपासून मगच उरलेले पैसे. ‘गाडी निघताना पैसे’ ही अट फक्त विकणाऱ्याच्या सोयीची असते. आणखी एक, करडांबरोबर भरल्या कासेची आई दाखवली तर पिळून बघा. दूध न काढता कास तुंबवतात आणि भलत्याच शेळीची करडं शेजारी उभी करतात.

तक्रारीचं म्हणाल तर पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ‘जनावर आहे, मरतं, हा दिवाणी मामला’ असंच ऐकायला मिळालं. शवविच्छेदनाचा अहवाल, खोटा दाखला आणि ‘दूध तुटलेली, तीन महिने’ असं त्याने स्वतः लिहून पाठवलेला मेसेज समोर ठेवल्यावर अर्ज घेतला गेला. आधीचं चारशे वीस म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318, हे अर्जात लिहिलेलं बरं असतं. ऑनलाइन पैसे दिले असतील आणि माल आलाच नसेल, तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. ग्राहक आयोगात ‘धंद्यासाठी खरेदी’ म्हणून हात झटकले जातात, पण पोटापाण्यासाठी स्वतः राबून केलेला धंदा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाच्या बाजूने मोजला जातो. वकिलांनी तोच मुद्दा घेतला आहे. त्या माणसाने मधल्या काळात दोन करडं ‘बदलून देतो’ म्हणून निरोप पाठवला, बदल्यात अर्ज मागे घ्यायचा. आम्ही नाही म्हटलं.

याच पद्धतीने कोणी करडं आणि पावडर घेतली असेल तर पोतं फेकू नका. त्यातली अर्धा किलो कोरड्या डब्यात बंद करून ठेवा, पोत्यावरचा मजकूर दिसेल असा फोटो काढा, पार्सलची पावती जपा. करडू मेलं तर पुरण्याआधी 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर किंवा तालुक्याच्या दवाखान्यात कळवा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लेखी मागून घ्या. उन्हाळ्यात काही तासांतच शव तपासण्यालायक राहत नाही, त्यामुळे आधी डॉक्टरांना फोन, मग विकणाऱ्याला.