बगदादच्या गोल नगरीसाठी याकूबी की खतीब?

खलीफा अल्-मन्सूरने इ.स. ७६२ मध्ये वसवायला घेतलेल्या बगदादच्या गोल नगरीचे अवशेष आज दिसत नसल्याने, तिच्याविषयी ज्ञानकोशात लिहिताना सारा भार जुन्या ग्रंथांवर पडतो. त्यांपैकी याकूबीचा 'किताब अल्-बुल्दान' हा भूगोलग्रंथ सुमारे ८९१ मधला. मूळचा बगदादचाच असलेला हा लेखक वस्त्या, रस्ते आणि कोणाला कोणती जागा इनाम मिळाली हे सलग सांगत जातो. मात्र ही माहिती कोणाकडून मिळाली, हे तो क्वचितच नोंदवतो.

अकराव्या शतकातील खतीब अल्-बगदादी नेमके तेच करतो. 'तारीख बगदाद' हा मुख्यतः विद्वानांचा चरित्रकोश असला, तरी त्याच्या प्रारंभीच्या नगरवर्णनात बहुतेक वृत्तांतांमागे सांगणाऱ्यांची साखळी दिलेली आहे. याकूबी मोठ्या विटेचे वजन २०० रत्ल (वजनाचे जुने अरबी माप) असल्याचे सरळ सांगून टाकतो; खतीबच्या वृत्तांतात मात्र पाडलेल्या तटात सापडलेली, ११७ रत्ल असे गेरूने लिहिलेली आणि तोलून पाहिलेली वीट आहे. वस्त्यांच्या रचनेसाठी मी याकूबीच घेईन, मोजमापांसाठी खतीब. पण त्याने शेजारी शेजारी ठेवलेल्या परस्परविरोधी आकड्यांपैकी सोयीचा एकच उचलणे, जे सर्रास चालते, ते गैर आहे.