संच घ्या, शेवटचं पान सोडून

रत्नागिरीत शालेय साहित्याच्या दुकानात मिळणाऱ्या या प्रारणाच्या (विद्युतचुंबकीय लहरींच्या) संचात आहे काय? गॅस लायटरची कळ, 25 सेंमीच्या दोन तांब्याच्या सळया, फॉइलच्या गोळ्यांची वाटी, एलईडी, 9 व्होल्टची बॅटरी आणि दोन पारदर्शक तक्ते.

पैसे वसूल होतात ते तक्त्यांवर. प्रभाराला (विद्युतभाराला) धक्का दिला की तो जागा बदलतो: एका तक्त्यावर त्याच्या जुन्या जागेच्या क्षेत्ररेषा, दुसऱ्यावर नव्या. धक्का 1 नॅनोसेकंदाचा धरला, तर जुन्या-नव्या रेषा जोडणारं कवच 30 सेंमी जाडीचं होतं आणि प्रकाशाच्या वेगानं पसरत जातं. त्या कवचात रेषांना पडलेली मुरड म्हणजेच प्रारण. स्थिर प्रभाराचं, म्हणजे कूलोमचं, क्षेत्र अंतराच्या वर्गानं घटतं, मुरडीतलं आडवं क्षेत्र नुसत्या अंतरानं. म्हणून लांबवर तेवढंच उरतं. धक्क्याच्या दिशेतल्या रेषेला मात्र मुरड पडत नाही. जे. जे. थॉमसन यांची ही मांडणी फळ्यावर खडूनं इतकी स्पष्ट होत नाही.

कळ दाबून ठिणगी पडली की सळयांतून निघालेल्या लहरींनी वाटीतल्या गोळ्यांचा विद्युतरोध एकदम उतरतो आणि एलईडी लागतो. विझवायला वाटीला टिचकी मारायची. संचात रोधक दिलेला नाही, 470 ओहमचा लावा, नाहीतर एलईडी जळेल. सळ्या वाटीच्या तारांना समांतर धरा, मग टोक वाटीकडे वळवून पाहा. पत्र्याच्या पडवीत परावर्तनामुळे एलईडी तरीही लागेल. कोरड्या पुळणीवर फरक नीट दिसतो. पावसाळ्यात दमट हवेनं कळीवर ओल धरते, ठिणगी बारीक पडते. सुक्या फडक्यानं पुसलं की पुरे. शेजारी एएम रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून ठेवलात तर प्रत्येक ठिणगीला टक् ऐकू येईल, कारण क्षणिक धक्क्यात सगळ्याच वारंवारता थोड्याथोड्या असतात. वळवाच्या विजांची खरखर तीच.

संचासोबतच्या पुस्तिकेचं शेवटचं पान वस्तुमानाबद्दल, म्हणजे गुरुत्वीय लहरींबद्दल, आहे आणि ते चूक आहे. तोच तक्ता छापून ‘धक्का दिलेलं वस्तुमानही असंच प्रारण सोडतं’ म्हटलंय. वस्तुमानाला धक्का देणारा स्वतः मागे ढकलला जातो. एकूण संवेग अक्षय्य असल्यानं द्विध्रुवी प्रारण (एका धक्क्यातून निघणारं साधं प्रारण) पूर्ण रद्द होतं आणि उरतं ते चतुर्ध्रुवी (वस्तुमानाच्या मांडणीचा आकार बदलल्यानं निघणारं), अतिशय क्षीण. प्रभाराच्या बाबतीत तसं होत नाही, कारण प्रभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर सगळ्यांचं सारखं नसतं. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेनं पकडलेल्या गुरुत्वीय लहरीत सूर्याच्या सुमारे तिप्पट वस्तुमानाची ऊर्जा गेली होती, तरी वेधशाळेच्या 4 किमी लांबीच्या भुजेतला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढाच होता. हे आकडे त्या पानावर हवे होते.